दहाव्याचे कावळे

मी मेलेल्या गोष्टींची चित्रं काढते. घरी आलेल्या कुणी कौतुकाने वही मागितली की मी आधीच सांगते, बघ हं, मग चहा जाणार नाही. तरी बघतातच. पहिल्या पानावर वर्सोव्याच्या खाडीत फुगलेला कुत्रा. पुढे जुहूच्या वाळूत सुकून पापडी झालेला जेलीफिश. मग आमच्या गल्लीतली घूस, गाडीखाली आलेली, पाच दिवसांची पाच चित्रं. पाचव्या चित्रात नुसती शेपटी आणि मुंग्या. इथवर आलं की माणूस वही मिटतो आणि विचारतो, "फुलंबिलं नाही काढत का गं?"

काढते ना. पोटापाण्यासाठी फुलंच काढते, शाळेच्या पुस्तकांत. पाकळी, पुंकेसर, बाण, बाणापुढे नाव. पण सकाळी चालायला जाताना जी वही पिशवीत असते ती माझी माझी. आणि माझं चालणं डॉक्टरने सांगितलेलं चालणं नव्हे. मला घरात बसवतच नाही. कुणी आजारी पडलं, कुणाचं भांडण झालं, कुणी रडायला लागलं, की माझे पाय चपला शोधायला लागतात. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. बाबा म्हणायचे, पळपुटी आहे. दोघांचंही बरोबर, पण बाबांचं जास्त.

बाबा गेले ते मे महिन्यात, दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दादा मुलुंडला राहतो. तो येईपर्यंत आई त्यांच्या उशाशी बसून होती आणि मी आमच्या बिल्डिंगभोवती फेऱ्या मारत होते. शेजाऱ्यांना वाटलं मी कुणाची तरी वाट बघतेय. खरं म्हणजे मला वर जायचं नव्हतं.

आमची सोसायटी अंधेरीतली, तीन मजली, बिनलिफ्टची. मागच्या बाजूला एक जांभूळ होतं. ते बाबांनी लावलं होतं की आपोआप उगवलं होतं यावर वाद होता. बाबांच्या मते त्यांनी खिडकीतून थुंकलेल्या बीचं ते झाड, म्हणून हक्क त्यांचा. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी बादली घेऊन खाली. बुंध्याभोवती सिमेंट करायला आलेल्या कामगारांना त्यांनी एकट्याने हाकलून लावलं होतं, लुंगीवर. त्यावरून सेक्रेटरीशी जे वाजलं ते शेवटपर्यंत. रविवारी त्यांना खाली उशीर झाला की आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "सवतीकडून वर या आता, पोहे गार झाले!" सगळी बिल्डिंग हसायची. बाबाही हसायचे आणि वर यायचे.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी गेलो. आई, दादा, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे आमचा काका, आणि मी. विधी झाले, भाताचे पिंड कट्ट्यावर मांडले आणि सगळे मागे सरून उभे राहिले. आता कावळ्याने यायचं आणि पिंडाला शिवायचं. शिवला की माणूस समाधानाने गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागे राहिलंय. मग घरच्यांनी एकेकाने पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि अंदाजाने वचनं द्यायची, अमकं करू, तमकं करू, काळजी सोडा, जा.

कावळे होते. भिंतीवर ओळीने बसले होते आणि नुसता कल्ला चालला होता. उडायचे, वर दोन घिरट्या घालायचे, कोकलायचे, परत भिंतीवर. पिंडाकडे एक येईल तर शपथ.

ऊन असं होतं की डोक्यात चटके. मी घरातली जुनी काळी छत्री नेली होती, लांब दांड्याची, एक काडी मोडलेली, त्या बाजूचं कापड खाली लोंबणारं. ती उघडून मी कट्ट्यापासून चार-पाच हातांवर पायरीवर बसले होते. आणि सांगायला लाज वाटते, मी वही काढली होती. आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तिथून पळता येत नव्हतं, म्हणून मी कावळे काढत होते.

पहिल्यांदा दादा पुढे झाला. "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." कावळ्यांचा कल्ला. काका म्हणाला, "भाऊ, वहिनीची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." काही नाही. दादा पुन्हा पुढे आला आणि एकदम म्हणाला, "सिगरेट सोडतो, आईशप्पथ." तेवढ्यातही मला हसू आलं. कावळ्यांना काही सिगरेटचं पडलेलं नव्हतं.

मग आई पुढे झाली. दहा दिवस रडून तिचे डोळे सुजले होते. ती हात जोडून म्हणाली, "मी नीट राहीन हो. गोळ्या वेळेवर घेईन. माझ्यात जीव नका अडकवू. जा तुम्ही."

आता येणारच, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. एक कावळा उठला, अर्ध्या वाटेपर्यंत आला, आणि किंचाळून परत फिरला. आई बराच वेळ तशीच हात जोडून उभी होती. मग मागे येऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

गुरुजी इतका वेळ मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होते. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून टाकू या आता. पुढचे यजमान थांबलेत."

माझं डोकं फिरलं. ऊन, भूक, तो कल्ला, आईचं तोंड. मी ताडकन उठले, छत्री मिटून काखेत मारली आणि ओरडले, "बाबा, तुमच्या जांभळाला कुणी हात लावणार नाही! झालं?"

"झालं?" असं खरंच म्हटलं मी. वडिलांना. दहाव्याला.

आणि कावळा आला. सरळ खाली उतरला, पहिल्याच पिंडाला चोच मारली. त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा. काकाने मांडीवर थाप मारली. "बघा! जीव झाडात अडकला होता माणसाचा!" दादा रडता रडता हसला. गुरुजी म्हणाले, चला, सुटले. आईने पदर नीट केला आणि ती रिक्षाच्या दिशेने चालायला लागली.

ही गोष्ट मग सगळीकडे झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकाने सांगितली, त्यांनी पुढे सांगितली, आणि नंतर लोक ती ऐकायलाच यायला लागले. काय माणूस, काय ते निसर्गप्रेम. आई सगळ्यांबरोबर हसायची. एके दिवशी पाहुणे गेल्यावर ती कप विसळत होती, मी पुसत होते. ती नळाकडे बघत म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं संसार केला. मी हात जोडले तर नाही आला. झाडाचं नाव काढल्यावर आला."

मी म्हटलं, "आई, कावळा आहे तो."

"माहीत आहे मला कावळा आहे."

मी फडकं ठेवलं, चपला घातल्या आणि खाली गेले. पार लोखंडवालाच्या पलीकडे खारफुटीपर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा ती झोपली होती.

दहाव्याच्या दिवसापासून आई रडली नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. बाबांच्या फोटोला हार घालायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. ती त्या भिंतीकडे बघायचीच नाही. ही काय भानगड आहे हे मला कळत होतं. शेवटच्या क्षणी नवऱ्याने आपल्याला सोडून झाड निवडलं, असं तिने धरलं होतं, आणि ते झाड रोज तिच्या खिडकीत उभं होतं.

आई शाळेत गणित शिकवायची. जुलैत तिने सोसायटीला पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, मुद्दे घालून. बुंधा एका बाजूने पोकळ आहे. झाड माझ्या खिडकीकडे झुकलं आहे. पावसात पडलं तर जबाबदार कोण. मुद्दे सगळे खरे होते. एका वाळक्या फांदीत तांबटाने ढोली केली होती, बुंध्यात बोटं जातील एवढी भेग होती. सेक्रेटरीला काय, देवच पावला.

मी भांडले. "अगं, वचन दिलंय बाबांना!"

"तू दिलंयस. मी नाही दिलं."

"सगळ्यांसमोर दिलंय."

"मग सगळ्यांनी राखावं."

परवानगीचे कागद व्हायला ऑक्टोबर उजाडला. ज्या सकाळी झाड तोडलं त्या सकाळी मी वर्सोव्याला एका मेलेल्या बगळ्यापाशी बसले होते. मला माहीत होतं ना आज आहे ते. म्हणूनच गेले होते. परत आले तर आवारात ओंडके पडलेले, भुसा उडालेला, आणि मागची बाजू एकदम उजेडाने भरलेली. वॉचमन म्हणाला, "मावशी पूर्ण वेळ खिडकीत उभ्या होत्या. एकदा पण आत नाही गेल्या."

मग मी वहीत बुंधा काढायला घेतला. उरला होता गुडघ्याएवढा. रोज एक चित्र. पहिले काही दिवस कापलेल्या तोंडातून रस यायचा आणि त्यावर माश्या. मग मुंगळे आले. अवकाळी पाऊस पडून गेला तशी एका बाजूने बुरशी धरली, कानाच्या पाळीसारखी, थरावर थर. सालीखाली पांढऱ्या अळ्या सापडल्या, त्या टिपायला दयाळ यायला लागला. तांबट मात्र समोरच्या डिशच्या वायरवर बसून तासन्‌तास टुक्‌ टुक्‌ करत राहायचा, ढोली कुठे गेली त्याला कळतच नव्हतं. पाठ्यपुस्तकात हे सगळं मी पन्नासदा काढलंय. मेलेलं झाड, बाण, बुरशी, बाण, माती, बाण, रोप. गोल पूर्ण. तो गोल मला खाली आवारात दिसत होता, आणि वर गेले की आई टीव्हीसमोर आवाज बंद करून बसलेली असायची. तिच्यापासून कुठलाच बाण कुठे जात नव्हता.

फेब्रुवारीत एकदा सकाळी मी जुहूवरून चालत चालत खारदांड्याला गेले. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून, ओळीच्या ओळी. वर एका उंच काठीला काळं काहीतरी टांगलेलं. मेलेला कावळा! मी खूश झाले, वही काढली, जवळ गेले. कावळा नव्हताच. फाटक्या छत्रीचं कापड होतं, दोन काड्यांसकट.

खाली एक कोळीण बोंबील उलटे करत होती. मला म्हणाली, "काय काढतेस गो बाय, चिंधी?"

"कशाला टांगलंय मावशी हे?"

"कावल्यांसाठी. त्याला वाटतं आपल्यातला मेलाय नि टांगलाय. मंग येत नाय जवल. नुसता बोंबलत फिरतो वरशी."

"एवढे घाबरतात?"

"मंग! पोटात आग पडू दे, शिवणार नाय. नि कापड काढलंस का उतरलीच समदी टोळी."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने विचारलं, बरं वाटत नाय का, पाणी देऊ का. मी नको म्हटलं बहुतेक. तिथून अंधेरीपर्यंत मी अक्षरशः धावत आले, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

दहाव्याचं ते पान मी पुन्हा उघडलं नव्हतं. उघडलं. अकरा कावळे. मला तेवढं बरं काढता येतं की कावळा कुठे बघतोय हे कळावं. अकराच्या अकरा कावळे, चोची वासून, पानातून सरळ बाहेर बघत होते. माझ्याकडे. माझ्या डोक्यावरच्या त्या लोंबणाऱ्या काळ्या कापडाकडे. खालच्या कोपऱ्यात पिंड होते आणि एकाचंही तोंड तिकडे नव्हतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं, हाताने काढलं, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. कावळा काही झाडाच्या नावाने आला नव्हता. छत्री मिटल्यावर आला होता. आईने हात जोडले तेव्हा ती उघडी होती.

आता सांगायचं की नाही? सांगितलं तर तिच्या मनातला काटा निघेल. पण मग झाड? ज्या रागाने तिने झाड पाडलं तो रागच खोटा होता हे तिला कळेल. मी दादाला फोन केला.

"वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला. "झाड परत येणारेय का? मग म्हातारपणी तिच्या डोक्यावर ते कशाला टाकतेस? सगळ्याची वाट लावशील. गप्प बस ना यार."

त्याचं बरोबर होतं. म्हणून मी चार दिवस गप्प बसले, म्हणजे चार दिवस चालले. एक दिवस तर पवईपर्यंत. एकही चित्र झालं नाही. चालताना मी मनात आईला सांगायचे आणि मनातली आई सुटकेचा श्वास सोडायची, तिचं कपाळ सैल व्हायचं. हे इतक्यांदा झालं की ते तसंच होणार याची मला खात्री झाली.

मग पहिल्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. शेजारच्या काकू त्या बाईंना आमच्याकडे घेऊन आल्या आणि आईच्या तोंडावर सगळी गोष्ट सांगितली, कावळा, पिंड, जांभूळ. "यांच्या मिस्टरांचा जीव झाडात होता हो!" आई बरोबर जागेवर हसली. मी ते हसू बघितलं. हे ती मरेपर्यंत हसणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. छत्री, बोंबील, काळं कापड, सगळं एका दमात.

ती मेथी निवडतच राहिली. मग म्हणाली, "छत्री कधी उघडलीस?"

"पिंड मांडले तेव्हाच."

"आणि मिटलीस कधी? ओरडायच्या आधी की नंतर?"

"आधी. मिटली आणि ओरडले."

"वही आण."

मी आणली. तिने चष्मा लावला, बोट ठेवून कावळे मोजले. "तू हे काढत होतीस तिथे?"

"हो."

"सगळे तुझ्याकडे बघतायत."

"हो."

"म्हणजे हे झाडासाठी थांबले नव्हते."

"नाही, आई. मुळीच नाही." आता होईल कपाळ सैल, म्हणून मी बघत होते.

तिने चष्मा काढला. "माझ्यासाठीही नव्हते थांबले मग. कुणासाठीच नाही. छत्री होती नुसती."

एवढी मैलोन्‌मैल चालले, पण हे काही माझ्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, "तसं नाही गं."

"नऊ महिने मी रागावून बसलेय," ती म्हणाली. "पण मी रागावले होते म्हणजे हे होते गं कुठेतरी. त्यांना माझ्यापेक्षा झाड प्यारं, तर असू दे, पण होते. मी झाड पाडलं ते का पाडलं माहितेय? म्हटलं, आता तरी भांडतील. दिवसभर खिडकीत उभी होते. म्हटलं, आता येतील, आता काहीतरी बोलतील. स्वप्नात तरी." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "उगाच गेलं ते झाड."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलवलं नाही.

मग ती रडायला लागली. दहाव्याच्या आधी रडायची तशी, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. माझे पाय उठलेच. मी चपलांकडे बघितलं, एका हाताने वही उचलली, हे सगळं आपोआप झालं. तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना मेथीची माती होती.

"चालायला जाऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही जात."

"आणि ती वहीसुद्धा ठेव. बस नुसती."

मी वही खाली ठेवली. आई रडत होती, आणि मी तिच्या समोर बसून तिच्याकडे बघत होते.